बाउकेची जागा

मी शाळेत सहावीपर्यंत गेले, तेही धड नाही. बटाटे काढायचे दिवस आले की बाप वर्गातून उठवून शेतावर न्यायचा. त्यामुळे माझं लिहिणं वाकडंतिकडं आहे, पण हत्तींबद्दल मला कोणी शिकवायला येऊ नये. बेचाळीस वर्षं मी आमच्या प्राणीबागेच्या हत्तीघरात काढली. आधी लीद उचलली, मग तिथलीच मुख्य झाले. पदवीवाले डॉक्टरसुद्धा सुई टोचण्याआधी माझ्या तोंडाकडे बघायचे. सगळी बाग मला गेशेमावशी म्हणते, आणि माझ्यामागे काय म्हणते तेही मला ठाऊक आहे.

आमच्या थुझा हत्तिणीची पहिली दोन पिल्लं मेलेलीच जन्मली. तिसरा बाउके. तो जिवंत आला, पण दोन दिवस त्याला आईचे सड सापडेनात. मी गजांच्या अलीकडे गुडघ्यांवर बसून, हात आत घालून त्याचं तोंड वळवत राहिले. तिसऱ्या दिवशी तो प्यायला. माझा नवरा लुबर्ट त्या वर्षी गेला होता. लोक म्हणाले, मावशीला बाउकेनं सावरलं. म्हणोत. मला कोणी सावरायची गरज नव्हती. पण सकाळी साडेसहाला मी दार उघडलं की तो सगळ्यांच्या आधी गजांपाशी यायचा, आईच्याही आधी, हे खरं आहे.

आता आमच्याकडची रीत सांगते. नर पिल्लू आईजवळ कायमचं राहत नाही. सहा-सात वर्षांचं झालं की कळपातल्या बायकाच त्याला ढकलायला लागतात. चाऱ्यावरून हाकलतात, डोक्यानं रेटतात, आई पाठ फिरवते. तसं झालं की त्याला सडाफटिंगांच्या कळपात पाठवायचं. असे नुसत्या नरांचे कळप थोड्या बागांमध्येच आहेत, आणि जागा त्याहून थोड्या. कोणी कुठं जायचं ते इंगेबोर्गबाई ठरवतात. सगळ्या बागांमधल्या हत्तींची यादी त्यांच्याकडे. आम्ही फक्त सकाळच्या वहीत लिहायचं: कोण कोणाजवळ झोपलं, कोणी कोणाला ढकललं. एका ढकलण्याला एक रेघ. तीन आठवडे रेघा पडल्या की इंगेबोर्गबाईंना फोन. वहीखाली दोन सह्या, माझी आणि हार्मची. हार्म माझा मुलगा, माझ्याच हाताखाली कामाला. मी लिहायचं आणि त्यानं न वाचता सही करायची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

बाउकेला सहा वर्षं पूर्ण झाली त्या ऑक्टोबरात इर्मानं त्याला पहिल्यांदा ढकललं. इर्मा आमची सगळ्यात म्हातारी हत्तीण, सर्कशीतून आलेली, स्वभावानं माझ्यासारखी. वैरण टाकली तसं तिनं कपाळ लावून त्याला भिंतीपर्यंत रेटत नेलं. तो ओरडत आईकडे गेला. थुझानं त्याच्याकडे ढुंगण केलं.

मी वही उघडली. पेन हातात घेतलं. आणि लिहिलं: सगळे शांत, बाउके आईजवळ झोपला.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. पोहोचल्याबरोबर बाउकेला शेजारच्या खणात घेतलं आणि त्याची वैरण तिथंच टाकली. चारा वेगळा, मग भांडण कशाचं? आठला हार्म यायचा तोवर सगळं चिडीचूप. माझ्या मनात काय होतं ते विचाराल तर सांगते: आमचा कळप आपल्या लेकराला हाकलत नाही, ते इतर बागांतले कळप हाकलतात, असा माझा ताठा होता. आणि तो गेला तर सकाळी गजांपाशी कोण येणार होतं?

हार्मला एकदा दिसलंच. दुपारी वाळूच्या अंगणात इर्मानं बाउकेची शेपटी धरून त्याला ओढलं.

"आई, ही त्याला हाकलतेय बघ."

"खेळतात ते."

"इर्मा? खेळते? चौपन्न वर्षांची?"

"मी एकोणसत्तरची आहे, आणि तुला आत्ता या घमेल्यानं मारलं तर तेही खेळणंच असेल. लीद उचल."

तो हसला आणि फावडं घेऊन गेला. तो असा आहे. एकेचाळीस वर्षांचा झाला तरी माझ्याच घरात वरच्या खोलीत राहतो, आणि माझ्याशी वाद घालण्यापेक्षा लीद उचललेली बरी असं त्याला वाटतं.

फेब्रुवारीत इंगेबोर्गबाईंचा फोन आला. सीमेपलीकडे, जर्मनीतल्या एका बागेत हान्नो नावाचा मोठा नर होता. चाळिशीचा, शांत. त्याच्या हाताखाली चार-पाच पोरं वाढत होती. कोणी फार माजलं की हान्नो त्याच्या मानेवर सोंड ठेवून नुसता उभा राहायचा, बस. एवढ्यानं पोरगं गप्प. त्याच्याकडे एक जागा रिकामी झाली होती.

"गेशे, मी ती जागा बाउकेसाठी धरून ठेवलीय. पण वहीत एक रेघ नाही. खरं सांग, कोणी ढकलत नाही त्याला?"

"वहीत आहे ते वाचा की."

"वाचलं. सहा वर्षांच्या नराला कोणी बोटसुद्धा लावत नाही, असं मी पहिल्यांदाच वाचतेय."

"मग पहिल्यांदाच एखादी धड चालवलेली बाग बघताय तुम्ही."

बाईंनी तिकडे कागद उलटले. मग म्हणाल्या, "आई सोडायला तयार नसेल तर मी तोडणार नाही. पण अशी जागा परत कधी येईल ते मी सांगू शकत नाही. डेन्मार्कचं एक पोर वाट बघतंय."

"मग त्याला द्या."

दिली त्यांनी. आस्गर त्याचं नाव. मार्चमध्ये तो हान्नोकडे गेला, आणि मी त्या दिवशी बाउकेला राय धान्याचा एक आख्खा काळा पाव चारला.

पुढचं लपवता येण्यासारखं नव्हतं. बाउके वाढला, सुळे बाहेर आले. खण वेगळा केला म्हणून बायकांचा राग कुठं जातो? साडेसात वर्षांचा असताना, मे महिन्यात, रविवारच्या गर्दीसमोर इर्मानं त्याला लोखंडी दारावर असं आपटलं की दाराचा अडसर वाकला. शाळकरी पोरं किंचाळली. त्या दिवशी पहिली रेघ हार्मनं ओढली, आणि सगळ्यांनी तीच खरी पहिली मानली.

त्याला नरांच्या कोठीत एकटं ठेवावं लागलं. जागा कुठंच नव्हती. त्या उन्हाळ्यात थुझा पुन्हा व्यायली, मुलगी झाली. बाउके गजांतून सोंड घालायचा तेव्हा थुझा पिल्लाला पोटाखाली घेऊन दुसऱ्या बाजूला जायची. दीड वर्ष तो तसा राहिला. मी दिवसातून सहा वेळा त्याच्याकडे जायचे. विलोच्या फांद्या, बीट, सफरचंदं. तो मला बघून कान हलवायचा. मला वाटायचं, मी आहे ना.

मग हान्नोचे पाय गेले. त्याला उठता येईना, म्हणून डॉक्टरांनी सुई देऊन त्याला कायमचं झोपवलं. आणि त्याची जागा रिकामी झाली, ती बाउकेला मिळाली.

वाहतुकीचा पेटारा कोठीच्या दाराशी तीन आठवडे उघडा ठेवतात, हत्तीला सवय व्हावी म्हणून. आत पाव टाकायचा, रोज एक पाऊल पुढं. काही नर महिनाभर आत जात नाहीत. बाउके पहिल्याच दिवशी गेला. मी पलीकडच्या टोकाला उभी राहून हाक मारली, एवढंच. सगळे म्हणाले, कमाल आहे मावशीची. मी ऐकून घेतलं.

तिकडे त्याला आधी गजांआडून आस्गर दाखवला. मग दोघांना एका अंगणात सोडलं. तिकडचा मुख्य डेटलेफ, त्यानं नंतर सांगितलं. आस्गर डोकं वाकडं करून, सोंड वर करून आला. पोरं कुस्तीला बोलावतात ना, तसा. बाउकेला ती भाषाच येत नव्हती. तो सरळ अंगावर गेला. आस्गरचा सुळा मुळापासून तुटला. तीन आठवड्यांनी दुसऱ्या पोराबरोबर सोडलं, त्याचा कान फाटला. मग बाउके बाजूच्या अंगणात, एकटा.

हार्म आणि मी गाडीनं गेलो. साडेचार तास. वाटेत हार्मनं कॉफी घेतली, मी घेतली नाही.

बाउकेनं मला लांबूनच ओळखलं. धावत कुंपणापाशी आला, सोंड गजांतून काढून माझ्या डोक्यावरची टोपी हुंगली, काखेत हुंगलं, तोंडाजवळ आणली. त्याच्या पाठीमागे, दुहेरी गजांपलीकडे तीन नर एकमेकांना रेटत होते. आस्गर एका सुळ्याचा. बाउकेनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

डेटलेफ माझ्याशेजारी उभा होता. रुंद, दाढीवाला, कमी बोलणारा माणूस.

"मावशी, एक विचारायचंय. तुमच्या वहीप्रमाणे याला घरच्यांनी साडेसात वर्षांचा असताना ढकललं. तोवर तो आईजवळ."

"हो."

"तसं असेल तर मला वाटतं याला अजून एक संधी द्यावी. म्हणजे हा कळपात नीट वाढला, फक्त शेवटी एक मोठा दणका बसला आणि बावरला. उन्हाळ्यात मी त्याला आमच्या सगळ्यात लहान पोराबरोबर सोडेन. लुका. सहा वर्षांचा आहे. इंगेबोर्गबाई म्हणतात, वही सांगते तसंच करू."

मी लुकाकडे पाहिलं. पाठीवर केस असलेलं पोर होतं ते, आस्गरच्या पोटाखालून जाऊ बघत होतं.

"आणि आधीपासून ढकलत असतील तर?" मी विचारलं.

"किती आधीपासून?"

"समजा दीड वर्ष."

डेटलेफनं माझ्याकडे पाहिलं. "दीड वर्ष मार खायचा आणि जायला जागा नाही? मग पुढं दीड वर्ष एकटा? तर मग तो हत्ती बघितला की फक्त मारच ओळखतो. मग मी लुकाला त्याच्यासमोर सोडणार नाही. कुणालाच नाही."

हार्म माझ्या दुसऱ्या बाजूला होता. वहीच्या प्रत्येक पानावर त्याची सही होती. मला वाटलं, गप्प राहिले तर बाउकेला लुका मिळेल. कदाचित नीट होईल. कदाचित एकदा तरी कोणीतरी त्याच्या मानेवर सोंड ठेवेल. आणि कदाचित नाही.

लुका धडपडला, उठला, पुन्हा आस्गरच्या अंगावर गेला.

"ऑक्टोबर," मी म्हणाले. "सहा वर्षांचा होता तेव्हाचा ऑक्टोबर. इर्मा रोज ढकलत होती. मी लिहिलं नाही. चारा वेगळा टाकून झाकलं. हार्मला माहीत नव्हतं."

डेटलेफनं खिशातून पेन काढून हातावर काहीतरी लिहिलं.

"हार्मला माहीत नव्हतं," मी पुन्हा म्हणाले, जरा जोरात.

"मला दिसत होतं, आई," हार्म म्हणाला. "मी विचारलं होतं तुला."

"मग लिहायचं होतंस की!"

"तू लिहू दिलं असतंस?"

मी टोपी डोक्यावर घट्ट ओढली.

डेटलेफनं घसा साफ केला. "तो इथंच राहील. गज राहतील मध्ये. गजांतून जेवढं होईल तेवढं होईल. पण मावशी, एक सांगतो, राग धरू नका. तुम्ही आता इथून बाजूला व्हा. तुम्ही उभ्या असाल तोवर तो तिकडे जायचा नाही. आणि पुन्हा येऊ नका. वर्षभर तरी नाही."

मला हाकलणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी बाउकेची सोंड माझ्या काखेतून बाजूला केली. त्याला वाटलं मी खेळतेय, त्यानं ती पुन्हा आणली. मी पुन्हा बाजूला केली आणि चालायला लागले. तो कुंपणाच्या कडेनं माझ्याबरोबर चालला, कुंपण संपलं तिथपर्यंत.

गवताच्या कोठाराला मागच्या बाजूनं एक फट होती. डेटलेफनं मला तिथं उभं केलं, तिथून मी बाउकेला दिसत नव्हते. हार्म गाडीकडे गेला. मी तासभर उभी राहिले. त्याच्या मागं गजांपाशी लुका आला होता. सोंड आत घालून त्यानं हवेत हुंगलं, शेण हुंगलं, एकदा बारीक आवाज काढला. आस्गर आला आणि गेला.

बाउके कुंपणाच्या कोपऱ्यात, मी दिसेनाशी झाले त्या जागेकडे तोंड करून उभा होता. त्यानं पाठीमागे कान दिला नाही. तो माझी वाट बघत होता.