नुझहाचं पान

"सगळी प्लगिन बंद केलीस?" रीमाने फोनवरून विचारले.

"केली."

"आता त्या बाईंचं पान उघड."

मुंधिरने उघडले. तीन दिवस लोकांना जिथे 'हे पान सापडत नाही' एवढेच दिसत होते, तिथे वर छोटा क्रूस, खाली परिचारिकेच्या पांढऱ्या कपड्यांतली नुझहा, आणि सांत्वनाला कुठे यायचे तो पत्ता आला. 

"आता एकेक चालू कर," रीमा म्हणाली. "ज्याच्यापाशी पान गडप होईल, तोच चोर."

रीमा त्याची मामेबहीण, अम्मानमध्ये वेबसाइटचेच काम करणारी. मुंधिर मादबाच्या शाळेत संगणक शिकवायचा आणि कुळाच्या मंडळाची साइट हौसेने सांभाळायचा. कुळात कुणी गेले की तो साइटवर एक पान करी आणि त्याची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून देई. पार कुवेतपर्यंत पांगलेली माणसे ती उघडून यायला निघत. सांत्वनाला एरवी सगळे दिवाणात, म्हणजे कुळाच्या सभागृहात, जमत. साइटला वरून जोडायचे हे छोटे प्रोग्राम, ही प्लगिन, त्याने हौसेपायी ढीगभर जोडली होती.

फोटोंचे चालू केले, पान जागच्या जागी. हवामानाचे केले, तरी जागच्या जागी. मग अक्षरे बदलणारे चालू केले आणि नुझहा गेली.

"हे काय करतं रे?"

"अरबी पत्ता इंग्रजी अक्षरांत करतं."

अरबी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की त्याला टक्क्याच्या चिन्हांची हातभर शेपटी फुटायची. गेल्या आठवड्यात मंडळात कुणी तरी म्हणाले होते, "मास्तर, ही लिंक आहे की मांजर चालून गेलं कीबोर्डवरून?" सगळे हसले. मुंधिरला ते फार लागले. घरी येताच त्याने हे प्लगिन बसवले होते.

"अरे, पत्ते ठरवणारं एक आधीच होतं की! दोघांची जुंपली आणि लिंक राहिली अधांतरी. तुला दिसलं कसं नाही?"

"माझ्याकडे उघडत होतं."

"तुझ्या संगणकाने पान लिहितानाची प्रत जपून ठेवली होती, शहाण्या. ती मघाशी पुसायला लावली, तेव्हा कुठे तुला दिसलं. दुसऱ्या कुणाच्या फोनवर बघायचंस ना."

मुंधिरने फोन ठेवला. दुसऱ्याचा फोन आला होता की. पहिल्याच दिवशी. नुझहाचा नवरा, म्हातारा अबू सखर विचारत होता, "पोरा, पान उघडत नाही म्हणतात लोक. दिवाण दुरुस्तीला काढलाय, घरी यायचं हे कळणार कसं त्यांना?" मुंधिर तेव्हा चारचौघांत बसला होता. तो मोठ्याने म्हणाला, "काका, साइट ठणठणीत आहे. तुमच्या फोनमध्ये कचरा साठलाय, तो साफ करा." शेजारचे गालात हसले. त्यावर म्हातारा म्हणाला होता, "माफ कर हं, मला यातलं कळत नाही."

ते 'माफ कर' आठवून मुंधिरला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कुणाची कुणी माफी मागितली होती!

तो उठला आणि अबू सखरच्या घरी गेला. सांत्वनाचे तीन दिवस सरले होते; अंगणात भाड्याच्या खुर्च्या एकीवर एक रचलेल्या होत्या. फारशा वापरलेल्या दिसत नव्हत्या. म्हाताऱ्याने कडू कॉफी ओतून दिली. मुंधिरने पेला ओठाला न लावता जमिनीवर ठेवला.

अबू सखरने पेल्याकडे पाहिले. पाहुण्याने भरला पेला खाली ठेवला की त्याला काही मागायचे असते. यजमान कबूल होऊन 'पी' म्हणेपर्यंत तो पीत नाही.

"ज्याच्या घरात मरण झालंय त्याच्याकडे मागायला आलास? बोल."

"माफी हवी होती, काका. तुमच्या फोनला काही झालं नव्हतं. साइट बिघडली होती. मीच बिघडवली होती."

म्हाताऱ्याने विचारले, "म्हणजे लोक आले होते?"

"दिवाणापर्यंत आले. कुलूप बघून परत गेले. वाटेत तिथल्या शेजाऱ्यांना विचारलं मी."

"लेक म्हणत होती, आईला विसरले लोक. निम्म्या मादबाची बाळंतपणं केली तिने. मी म्हटलं, तिला नाही गं, माझ्या तोंडाला कंटाळलेत. मी भांडकुदळ माणूस." तो थांबला. "आणि फोन साफ केला मी. तू म्हणालास म्हणून. दुकानातल्या माणसाकडून करून घेतला. त्यात तिचे फोटो गेले सगळे."

मुंधिरची मान वर होईना.

"तुला पाठवला होता तो एक. तो आहे का त्या पानावर?"

मुंधिरने अक्षरांचे ते प्लगिन काढून टाकले, पान उघडले आणि आपला फोन म्हाताऱ्याच्या हातात दिला. अबू सखरने तो दोन्ही हातांनी धरला. थोड्या वेळाने पडदा काळा झाला. म्हातारा घाबरून म्हणाला, "गेलं?"

"नाही काका, आहे." मुंधिरने पुढे सरकून बोट लावले. नुझहा पुन्हा दिसली.

पडदा मालवला की मुंधिर बोट लावी. पेला जमिनीवर निवून गेला. अबू सखर त्याला 'पी' म्हणाला नाही, आणि 'जा'ही म्हणाला नाही.