दोनावर एक फुकट

अर्पिताच्या साखरपुड्याला मी चांगली साडी नेसणार, हे मी मनाशी बराबर ठरवून ठेवलं होतं. दोन वर्षं डेअरीला दूध घालून सात हजार बाजूला टाकले होते. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण दुकानात बसून स्वतःच्या पसंतीनं साडी कधी घेतली न्हाई. जी आली ती आहेरात आली. ह्या बारीला मात्र मी पोरीची आई. पाव्हण्यांनी बघितल्या बघितल्या म्हणावं, ही पोरीची आई. एवढीच हौस होती.

म्हणून अर्पिताच्या वडलांना, आमच्या कारभाऱ्यांना, घेऊन पिंपळगावहून जालन्याला गेल्ते. तिथंच चुकलं माझं. एकटीनं जायला पाहिजे होतं.

जांभळ्या रंगाची, जरीकाठाची साडी मी मांडीवर घेऊन बसले होते. साडेसहा हजार. तेवढ्यात ह्यांचं ध्यान भिंतीवरच्या पाटीकडं गेलं. दोन साड्यांवर एक फुकट. झालं, अंगात आल्यागत करायला लागले.

"चौदाशेला एक, अगं. गिरिजाबाईला एक, गोपिकाबाईला एक. तिसरी तुला. तुझी तर फुकटच पडली."

ह्या दोघी माझ्या नणंदा.

"मला फुकटची नको, ही पाहिजे," मी म्हणले.

"ही ऑफरमध्ये न्हाई ना."

मंग ह्यांचं डोकं चालायला लागलं. नणंदांना दिली अन् जावेला न्हाई, तर मनीषा वर्षभर तोंड पाडून बसंल. मनीषाला घ्यायची तर चुलत सासूबाईंनी काय घोडं मारलं? मंग अजून दोन, त्यावर अजून एक फुकट. बहिणींना साड्या अन् दाजींना काहीच न्हाई, हे बरं दिसंल का? मंग टावेल-टोप्या. काउंटरवरचा माणूस म्हणला, "अजून तीनशेचा माल घ्या काका, स्टीलचा डबा फुकट हाय." ह्यांनी जल्दी जल्दी दोन चादरी उचलल्या. तसला डबा बाजारात दीडशेला भेटतो, हे मी कानीकपाळी ओरडून सांगून राह्यले, पण ऐकतंय कोण. वर फॉल-पिको अन् ब्लाउजची शिलाई. माझे सात हजार गेलेच, ह्यांच्या खिशातलेही गेले.

"दोन साड्या वाचवल्या आज," हे बसमध्ये म्हणले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ऑफरचा एकच गठ्ठा होता, त्यात एकच रंग. साखरपुड्याला दोन्ही नणंदा, जाऊ, चुलत सासूबाई अन् मी, पाचही जणी पोपटी, सहावी पेटीत पडून. आहेराची साडी त्या हौसेनं नेसून आल्त्या, त्यांना तरी काय बोलणार.

हसनाबादचे पाव्हणे आले. पोरगी बघायला आले होते तवा व्याहीणबाई आजारी होत्या, त्यांनी मला पाहिलंच न्हवतं. ओटीचं ताट घेऊन त्या मांडवात शिरल्या, अन् पुढं गिरिजाबाई उभ्या. थोराड बाई, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र. व्याहीणबाईंनी त्यांना कुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली, गळ्यात पडल्या.

"लाखात एक पोरगी दिली तुम्ही आम्हाला."

फोटोवाल्यानं फोटो घेतला.

"अहो, मी आत्या," गिरिजाबाई बारीक आवाजात म्हणल्या.

व्याहीणबाईंनी आम्हा पाच जणींवर नजर फिरवली. "मंग आई कोणती?"

"साऱ्या सारख्याच दिसतेत ना? ऑफर होती," कारभारी म्हणले, अन् सारा मांडव हसला. त्यांना त्याचंही कौतुक.

"मी आई," मी म्हणले. हसण्याच्या गलक्यात ते बुडालं, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं तवा कुठं ऐकू गेलं. व्याहीणबाई वरमल्या. मी पदर पुढं केला. ताटात कुंकू तेवढं उरलं होतं, तेच त्यांनी मला लावलं, अन् मी रिकामा पदर धरून तशीच उभी राह्यले.