मुठीचा डबा

धरमपेठेतल्या चर्चच्या महिला मंडळात यमुताईंनी एक रीत घालून दिली होती. यमुताई म्हणजे पाळकांच्या पत्नी. दर बुधवारी दुपारी एकीने स्वयंपाकघरातली एखादी वस्तू आणायची आणि तिच्यावरून विश्वासाचे चार शब्द बोलायचे. कांताबाईंनी स्टोव्हची पिन आणली होती. बारीकसं पाप साचलं की प्रार्थनेची ज्योत कशी फडफडते, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं, की बायकांनी घरी जाऊन आधी स्टोव्ह साफ केले. एकीने लाटणं आणलं, तेव्हा हा धडा प्रभूसाठी की नवऱ्यासाठी, म्हणून हशा पिकला.

सुमतीची बोलायची पाळी दोनदा टळली. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात तिचं अकरा दिवसांचं बाळ गेलं, म्हणून कुणी आग्रह धरला नाही. आता सप्टेंबर लागला होता आणि यमुताईंनी निरोप धाडला होता.

तिला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. उपासनेत गीत सुरू झालं की ओठ हलायचे, पुस्तकाचं पान उलटलं जायचं. आत काही हलत नसे. चार महिन्यांत तिने एकदाही प्रार्थना केली नव्हती. उभं राहून खोटं बोलणं तिला जमणार नव्हतं. तिने ठरवलं, मुठीचा डबा परत द्यायचा आणि मंडळातून माझं नाव काढा म्हणायचं.

असा डबा मंडळातल्या प्रत्येक घरी होता. भाताचे तांदूळ काढताना आधी एक मूठ त्यात टाकायची, ‘प्रभू, हे तुझं’ म्हणायचं आणि डबा भरला की गरिबांसाठी चर्चमध्ये न्यायचा. सुमतीने तो ईस्टरला रिकामा करून आणला होता. रिकामाच असेल म्हणून तिने फळीवरून एका हाताने ओढला, तर मनगटच खाली गेलं. झाकण काढलं. काठोकाठ तांदूळ.

सासूबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या.

“आई, यात तांदूळ तुम्ही टाकले का?”

“मी कायले टाकू वं? या गुडघ्यानं मले उभं तरी राहवते का? तूच तं टाकून राहिली होती. रोज.”

“टाकताना काही म्हणत होते का मी?”

सासूबाईंनी हातातली पाकळी सोलून संपवली. “नाही. भिंतीकडे पाहत टाके. चुपचाप.”

सुमतीने आठवून पाहिलं. एकही मूठ आठवेना.

मंडळात तिने डबा सतरंजीवर ठेवला आणि उभी राहिली.

“मला यावरून काही शिकवता येणार नाही,” ती म्हणाली. “चार महिने मी प्रार्थना केली नाही. हे तांदूळ मी टाकले, पण मला आठवत नाहीत. मनात देव नव्हता. नुसत्या हाताने टाकले. याला काय म्हणायचं, मला ठाऊक नाही.”

यमुताईंजवळ अशा वेळी वचन तयार असे. त्यांनी बायबल उघडलं आणि मिटून मांडीवर ठेवलं.

कांताबाई डब्यावर वाकल्या. “सोंडे झाले वं यात. भर पावसाळ्यात कोणी रिकामा केलाच नाही ना.”

मग कुणीतरी शेजारून दोन सुपं आणली. तांदूळ चादरीवर ओतले गेले आणि सगळ्या भोवती बसल्या. काळे सोंडे लगबगीने कडेला पळत होते. सुमती बोटाने एकेक बाजूला सारत होती. तिला भरून वगैरे काही आलं नाही. कांताबाईंचं कोपर तिच्या कोपराला लागत होतं, ते तिने लागू दिलं.

निवडून झालं. यमुताईंनी सगळ्यांसाठी छोटीशी प्रार्थना केली आणि विचारलं, “सुमती, तुला आणखी काही सांगायचं होतं का?”

नाव काढण्याचं तिच्या ओठांवर होतं.

“पुढच्या बुधवारी मला जरा उशीर होईल,” ती म्हणाली. “आमच्याकडे नळ आता तीनला येतो.”