उतरती दोरी

"आबा, ही दोरी परत तिरकी कुणी बांधली?"

शकुंतलेनं वाळत घातलेल्या दोन्ही साड्या घसरत घसरत खालच्या टोकाला गोळा झाल्या होत्या. एकीचा पदर मातीत लोळत होता.

"म्या बांदली," अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या लालासाहेबांनी मान न वळवता सांगितलं. "लिंबाच्या फांदीपास्नं खुंटीपतुर. उतार असाच पायजे."

"दोरी कपड्यांसाठी असते."

"कापडं काय, कुटंबी वाळत्यात. तू हिकडं माज्या मागं उबी ऱ्हा बरं."

शकुंतलेचे वडील लालासाहेब फौजेतून नाईक होऊन निवृत्त झाले होते. नोकरीची शेवटची बरीच वर्षं छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहण्यात गेली. निरोपाला एका साहेबानं एक जुनी काठी आणि डबाभर चेंडू दिले. तेव्हापासून वडूजच्या त्या अंगणात रोज सकाळी तेच चालायचं. काठी दोरीच्या उतारानं मागे वर गेली पाहिजे आणि त्याच उतारानं खाली आली पाहिजे, एवढं साधं गणित. ते जमलं, तर चेंडू सरळ पडीक रानापलीकडच्या बाभळीपर्यंत जाणार. एकदा तरी बाभूळ गाठायची, एवढीच लालासाहेबांची हौस होती. त्यांचा चेंडू मात्र दर खेपेला हवेत उजवीकडे वळायचा आणि शेजारच्या तानुबाईच्या कांद्यात पडायचा.

"आबा, दहावीचे पेपर चालू आहेत. मला वर्गावर वेळेत पोचायचंय."

"येकच. नीट बघ, काठी दोरीवर ऱ्हाती का." त्यांनी पाय रोवले. "साहेब लोकांचं मला मागनं सगळं दिसायचं गं. कुणाचा चेंडू कुटं जानार, आदीच सांगायचो. पन आपली काठी डोक्यामागं गेली की आपुन आंदळं. मागं कुनीतरी लागतंय."

काठी वर गेली, खाली आली. चेंडू उजवीकडे वळला.

"आवं नाईक!" कांद्यातून तानुबाई उठून उभी राहिली. "माज्या वाफ्यात कवापतुर अंडी घालनार हाय तुमी? कोंबडीबी येक जागा धरती!"

"कशी गेली गं?" लालासाहेबांनी मागे वळून विचारलं.

शकुंतला पदरावरची माती झटकत होती. "बरोबर गेली."

"बरोबर गेली आन् कांद्यात पडली?"

"मग वारा असेल."

लालासाहेब लिंबाच्या शेंड्याकडे बघत राहिले. पान हलत नव्हतं. "आसंल," ते म्हणाले. तिनं दोरी सोडली, खिडकीच्या गजाला सरळ ताणून बांधली, साड्या पुन्हा पिळून टाकल्या आणि पर्स उचलून निघून गेली. संध्याकाळी परतली, तेव्हा दोरी पुन्हा तिरकी होती. बोलून उपयोग होत नाही, हे तिला पाठ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेब अंथरुणातून उठलेच नाहीत.

सांगलीहून शकुंतलेचा धाकटा भाऊ सुमंत आला. सुतकातल्या धुण्यासाठी त्यानं दोरी सरळ करून घेतली. कपडे नीट वाळायला लागले.

दहाव्याला येरळा नदीच्या काठी पिंड मांडले. कावळा आला, समोरच्या झाडावर बसला आणि चोच पुसत राहिला.

"आबा, शकूला मी अंतर देणार नाही," सुमंत हात जोडून म्हणाला.

कावळा हलला नाही.

"वर्षश्राद्धाला सगळ्या गावाला जेवण घालतो."

कावळ्यानं पाठ फिरवली. ऊन चढत होतं. सुमंतनं घड्याळाकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग वैतागून बहिणीकडे. "जिवंतपणीही असंच. एक गोष्ट सरळ होऊ दिली नाही यांनी."

तानुबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि मोठ्यानं ओरडली, "नाईक, कांदा गेला खड्ड्यात! मारा तुमाला किती मारायचं त्ये!"

दोन-चार जण हसले. कावळा एक फांदी खाली आला आणि तिथंच थांबला.

"दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ," भटजी म्हणाले. "किती वेळ बसणार?" त्यांनी दर्भाची काडी वळायला घेतली.

"थांबा जरा," शकुंतला म्हणाली.

ती उठली आणि चार पावलं पुढे जाऊन पिंडांपाशी उभी राहिली. ती वर्गात बोलायची तशा स्वच्छ, थोड्या चिडक्या आवाजात बोलली.

"आबा, वर जाताना काठी दोरीवरच असते. खाली येताना तुमचा उजवा खांदा घाई करतो. तो आधी फिरतो, म्हणून काठी दोरीच्या वरून बाहेर पडते. रोज दिसायचं मला. तेवढंच चुकतंय. बाकी सगळं बरोबर आहे."