ह्यांना जरा तपासा

रविवारी चष्म्याचं दुकान बंद असे, म्हणून त्या रविवारीही जेवणानंतर सगळं घर स्वयंपाकघरात रेंगाळलं होतं. सगळं घर म्हणजे तिघंच. आई ओट्याशी, बाबा पेपरात आणि रविवारपुरती आपल्या भाड्याच्या खोलीवरून आलेली थोरली खिडकीशी पुस्तक घेऊन. धाकटा बायकोला घेऊन दुसऱ्या शहरात राहायचा. तो संध्याकाळी फोनवर यायचा आणि फोनवरूनच परत जायचा.

"ह्यांना चहा हवासा दिसतोय," आई म्हणाली.

"मला कुठे?" बाबा पेपराआडून म्हणाले. "थोरलीला हवा असेल."

"मला नकोय, पण आईला हवाय," थोरली म्हणाली.

मग चहा झाला. तिघांनी चवीनं प्यायला आणि तो नक्की कुणाला हवा होता हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

या घराची रीतच तशी होती. इथे भूक नेहमी दुसऱ्याला लागायची, थंडी दुसऱ्याला वाजायची, झोपेनं डोळे मिटायचे तेही दुसऱ्याचेच. धाकट्याची बायको नवी नवी आली तेव्हा भरदुपारी सासूबाई आपल्याला सारख्या झोपायला का पाठवतात, ते तिला कळेना. धाकट्यानं तिला बाजूला घेऊन समजावलं, "अगं, तिलाच झोप आलीय. तू जाऊन पड, म्हणजे तिला पडता येईल." लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे लेकीला बोला नाहीतर सुनेला, लागायचं ते बोलणाऱ्याला. स्वतःला काही हवं असणं म्हणजे चारचौघांत जांभई देण्यासारखं होतं. गुन्हा नव्हे, पण तोंडावर हात हवा.

थोरली ग्रंथालयात कामाला होती. तिथल्या वाचनकक्षात दर आठवड्याला एक वर्ग भरे. रोजच्या धबडग्यात मन कसं जपावं, आपल्याला काय होतंय ते आपणच कसं ओळखावं, असं काहीसं तिथे शिकवत. थोरली वर्गाला जाऊ लागली ती मनासाठी नव्हे, किल्ल्यांसाठी. वर्ग संपल्यावर कुलूप लावायचं काम तिच्याकडे होतं. पण कानावर पडतं ते थोडंफार आत उतरतंच. वर्गाच्या बाईंनी घरी करायला एक साधी गोष्ट सांगितली होती. दिवसातून अधूनमधून थांबायचं, आत बघायचं आणि जे असेल ते 'मी' किंवा 'मला'नं सुरू होणाऱ्या वाक्यात सांगायचं. थोरलीनं आयुष्यभर पुस्तकांत इतरांची मनं वाचली होती. हे तिला अगदीच सोपं वाटलं होतं.

कप विसळून झाल्यावर आई पदराला हात पुसत तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू दमलीस गं. चेहरा बघ कसा झालाय. जा, पड जरा."

एरवी थोरली उठली असती, आत जाऊन उगीच आडवी झाली असती आणि पाठोपाठ आईही येऊन पलंगाच्या दुसऱ्या कडेला टेकली असती. पण त्या दिवशी तिला वर्ग आठवला. ती थांबली. तिनं आत बघितलं, अगदी प्रामाणिकपणे.

"नाही आई," ती म्हणाली. "मी दमलेली नाही. खरंच बघितलं मी."

"कुठे बघितलंस?"

"आत."

आई हसली. "बरं बाई. तिथे नसशील दमली," असं म्हणून ती पुन्हा ओट्याकडे वळली आणि आधीच लख्ख असलेला ओटा पुसू लागली.

सोमवारी दुकानात, सकाळची गिऱ्हाइकं ओसरल्यावर, आई गेली.

त्या दुकानात कामं वाटलेली होती. डोळ्यांचा नंबर काढायचा तो आईनं, काच घासून फ्रेममध्ये बसवायची ती बाबांनी. बाबा मागे मशीनपाशी होते. ते नंतर आल्यागेल्या प्रत्येकाला एकच हकिगत सांगत राहिले. "पडद्यातून डोकावून म्हणाली, तुम्ही बसा हो जरा. मी म्हटलं, एवढी काच होऊ दे. मशीन बंद करून बाहेर आलो तर हीच बसलेली. नंबर काढायच्या खुर्चीत. मला वाटलं, बरं झालं, बसली." आणि मग ऐकणाऱ्याकडे असे बघत, जणू पुढचं त्यानं सांगायचंय.

धाकटा आला, राहिला, रडला, परत गेला. थोरली आपल्या भाड्याच्या खोलीवरून कपडे घेऊन बाबांकडे राहायला आली. ती रडली नव्हती. माणसं म्हणत, "किती खंबीर आहे पोरगी," आणि ती म्हणे, "बाबांकडे बघावं लागतं ना." हे खरं होतं की नव्हतं, तिला सांगता आलं नसतं.

असंच एकदा ती रस्त्यानं जाताना नेहमीचे डॉक्टर भेटले. हळहळले, मग धीर द्यायला म्हणाले, "वडिलांची मात्र चिंता करू नका. त्यांची छाती ठणठणीत आहे. परवापरवाच सगळं तपासलंय."

"बाबांची? कशासाठी?"

"तुमच्या आईच घेऊन आल्या होत्या. ह्यांना जरा तपासा म्हणाल्या. जिना चढताना छातीत भरून येतं, डाव्या हाताला मुंग्या येतात, पहाटे घाबरून जाग येते. मी सगळं बघितलं. काही नाही. त्यांना इतकं हायसं वाटलं!"

थोरली त्यांचे आभार मानून चालू लागली. वळणापर्यंत गेल्यावर तिचे पाय थांबले. जायचं कुठे होतं, ते तिला आठवेना.

घरी येऊन तिनं बाबांना विचारलं. "तुम्हाला जिना चढताना भरून यायचं?"

"मला? छे."

"हाताला मुंग्या?"

"नाही बुवा."

"मग डॉक्टरांकडे का गेलात?"

"तुझी आई मागे लागली म्हणून. तिचं समाधान."

"अहो, पण तिला सांगायचं ना, मला काही होत नाही म्हणून!"

"सांगितलं की," बाबा म्हणाले. "पण मला काही होत नाही, हे या घरात कुणी कधी खरं धरलंय?"

थोरली खाली बसली. बाबा थोडा वेळ चष्म्याच्या दांडीशी चाळा करत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं.

"पहाटे जाग मात्र यायची मला," ते घाईनं म्हणाले. "ते खोटं नाही. डोळे उघडले की ही जागीच असायची. माझ्याकडेच बघत." ते थांबले. "म्हणजे, आधी जागं कोण होत होतं गं?"

आई स्वतःचं दुखणं नवऱ्याच्या छातीत घालून डॉक्टरांपर्यंत गेली होती का? आणि अहवाल चांगला आला तेव्हा हायसं वाटलं, ते नवऱ्यासाठी, की तिलाही क्षणभर वाटलं की आपली तपासणी झाली, आपण ठणठणीत आहोत? की खरंच तिला बाबांचीच काळजी होती, आणि तिची स्वतःची छाती कुणाला काही न कळवता, तिलाही न कळवता, थांबली? थोरली एकदा असा विचार करी, एकदा तसा. दोन्ही तितकेच खरे वाटत आणि दोन्ही तितकेच रचलेले. मग रविवार आठवे. तू दमलीस गं. ते कुणाबद्दल होतं? तिनं आरशासमोर उभं राहून आपला चेहरा पाहिला. दमलेला होता. पण तो तेव्हाही तसाच होता की आता झाला होता?

धाकट्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, ते तुलाच म्हटलं असेल. तू शाळेत होतीस तेव्हापासून दमलेलीच दिसतेस."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही करत. बरं, ते सोड. बाबांना श्वासबिस कशाला मोजायला लावतेस सकाळी?"

वर्गात शिकवलेलं ते तिनं घरी सुरू केलं होतं. बाबांचं मन लागत नाही, म्हणून रोज सकाळी दोघं बाल्कनीत खुर्च्या टाकून डोळे मिटून बसत.

"त्यांना बरं वाटतं त्यानं," ती म्हणाली.

"ते तर म्हणाले, थोरलीला करमत नाही म्हणून मी बसतो."

"मी त्यांच्यासाठी बसते!"

"म्हणजे तू त्यांच्यासाठी, ते तुझ्यासाठी," धाकटा हसला. "मग त्या खुर्च्यांत खरं बसतंय तरी कोण?"

थोरली हसली नाही. मग धाकटाच म्हणाला, "माझं वेगळं काय आहे म्हणा. बायको वैतागलीय. म्हणते, तुला आईची आठवण येते का, तुला आईची आठवण येते का, असं मलाच सारखं काय विचारतोस?"

पुढच्या वर्गाला ती किल्ल्या घेऊन दाराशी थांबली नाही, समोर जाऊन बसली. बाईंनी विचारलं, तेव्हा तिनं डॉक्टरांचं, आईचं, सगळं सांगितलं. नेमकं, क्रमानं, आवाज न हलू देता. शेवटी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? ती कुणाबद्दल बोलत होती?"

"ते मला कसं कळेल?" बाई म्हणाल्या. "आईंचं राहू द्या थोडं. तुम्हाला काय होतंय?"

"बाबा फार एकटे पडलेत."

"तुम्हाला काय होतंय, विचारलं मी."

"तेच सांगतेय," थोरली म्हणाली. मागच्या रांगेत कुणीतरी हसू दाबलं. ती पुन्हा थांबली, डोळे मिटले, सांगितल्याप्रमाणे आत बघितलं. आत बाबा बसले होते, हातात थंड झालेला चहा घेऊन. त्यांच्या मागे धाकटा उभा होता. त्याच्याही मागे आई असेल, पण या दोघांना बाजूला सारून पुढे कसं जायचं, ते तिला समजेना. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "मला नाही सापडत." बाईंनी मान हलवली. हे उत्तर बरोबर होतं की चूक, तेही कळलं नाही.

दुकान फार दिवस बंद ठेवून चालण्यासारखं नव्हतं. बाबा म्हणाले, नंबर काढायचं काम त्यांनाही येतं, लग्नाआधी तेच काढायचे; पण हात बसायला हवा. "तू बस समोर," ते थोरलीला म्हणाले. "तुझाही बदललाच असेल. पुस्तक नाकाला लावून वाचतेस हल्ली."

ती सकाळी त्यांच्याबरोबर गेली. दुकानाच्या एका अंगाला पडदा लावून केलेली अंधारी जागा, समोरच्या भिंतीवर अक्षरांची उजळलेली पाटी, आणि ती खुर्ची. थोरली क्षणभर उभी राहिली. बाबाही. मग ती बसली, कारण बाबा ताटकळले होते.

बाबांनी काचा बदलायची जड गोल फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. ती वाकडी बसली, त्यांनी ती सरळ करताना तिच्या कानाला चिमटा बसला.

"लागलं?"

"नाही," ती म्हणाली. लागलं होतं.

एका डोळ्यापुढे काळी चकती आली. "वाच खालून दुसरी ओळ." तिनं वाचली, अडखळत. बाबांनी एक काच घातली, काढली, दुसरी घातली. "ही बरी, का ही?"

"दोन्ही बऱ्या आहेत."

"दोन्ही कशा असतील? नीट बघ. ही, का ही?"

"तुम्हाला कुठली वाटते?"

"अगं, मला काय वाटायचंय!" बाबा एकदम वैतागले. "काच तुझ्या डोळ्यापुढे आहे. मला इथून काय दिसणार कप्पाळ? तुझी आई कशी करायची देव जाणे. समोरचा बोलेना तर मी पुढची काच घालू तरी कुठली?"

पडद्यापलीकडे रस्त्यावरून एक गाडी गेली. थोरली फ्रेमच्या वजनाखाली, एक डोळा झाकून, मान ताठ ठेवून बसून राहिली. अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या होत होत्या आणि ते काचेमुळे नव्हतं. ती थांबली. या वेळी कुणी सांगितलं म्हणून नव्हे, पुढे जायला वाटच नव्हती म्हणून. आत बघितलं तर बाबा नव्हते. ते बाहेर होते, हातात काच घेऊन, तिच्या उत्तराची वाट बघत. आत वेगळंच काही होतं. स्वतःच्या स्वयंपाकघरात अनोळखी माणूस उभा दिसावा, तशी ती दचकली.

"बाबा, राग आलाय," ती म्हणाली.

"कुणाला? धाकट्याला? त्याला मी—"

"नाही. मला."

तो शब्द त्या छोट्याशा जागेत फार मोठा वाटला.

"मला आईचा राग आलाय. ती काही म्हणाली नाही. की म्हणाली आणि मला कळलं नाही. काय ते मला कधीच कळणार नाहीये, आणि मला त्याचा राग आलाय."

"तिला तरी काय ठाऊक असणार," बाबा हळूच म्हणाले. "तिला वाटलं असेल—"

"तिचं नका सांगू. तुमचंही नका सांगू आत्ता, नंतर सांगा. मी ऐकेन." तिचा आवाज चिरकला, लहान मुलीसारखा झाला, आणि तिनं तो तसाच होऊ दिला. "बाबा, मला आई पाहिजे."