खदानीचं पाणी

डोमा बुडाला तेव्हा त्याची मुलगी रश्मी सातवीत होती. बपेऱ्याच्या अलीकडे, त्यांच्या गावाला लागून मँगनीजची एक बंद खदान होती, पाण्यानं काठोकाठ भरलेली. गोदावरीबाईची म्हैस तिच्यात घसरली. तिला काढायला शेजारधर्म म्हणून डोमा उतरला. म्हैस वर आली, डोमा आला नाही. पाणबुड्यांनाही तो सापडला नाही. लोक पुण्यानुमोदन करून घे, गेलेल्याच्या नावानं गाथा म्हणवून घे म्हणत, तर त्याची बायको वच्छला एवढंच विचारी, "कोणाचं? मयत कोठी आहे?"

रश्मी शिकली आणि गावातल्याच नव्या प्लांटवर लागली. तिथं सोलरच्या विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढत आणि नळीनं घरोघरच्या शेगडीपर्यंत पोचवत. धूर नाही, काजळी नाही. दिवसा तर जाळही दिसत नसे, नुसती धग लागे.

पहिल्याच सकाळी वच्छलानं शेगडीवर भाताचा थंड गंज ठेवला. पातेल्याच्या बुडाला थेंब धरले आणि खाली टपकू लागले.

"गंज गळून राहिला का वं?"

"नाही आई. हा गॅस जळला का त्याचं पाणीच होते."

"अन् गॅस कायचा करता?"

"पाण्याचाच. खदानीतून उपसतो आम्ही. पण फिल्टर होऊन येते, त्यात काहीच राहत नाही."

वच्छलानं शेगडी बंद केली आणि अंगणात तीन दगडांवर भात शिजवला. महिनाभर तसंच चाललं. घरात ती पाठ शेगडीकडे करून बसायची नाही. कोणी मागे उभं असल्यासारखं वाटायचं.

मग एका दुपारी रश्मी घरी आली तर आई शेगडीसमोर बसलेली. न दिसणाऱ्या जाळावर तिनं थंड परात तिरपी धरली होती, खाली वाटी. वाटीत घोटभर पाणी जमलं होतं.

"हात भाजंल, आई."

"भाजू दे. विहारात सांगून ये. उद्या पुण्यानुमोदन करू."

"ह्या पाण्याचं?"

"दुसरं काय देलं त्या खदानीनं मले?"

दुसऱ्या दिवशी डोमाच्या फोटोपुढे वाटी ठेवली. भन्तेजींनी गाथा म्हटल्या. इतकी वर्षं या घराचा उंबरा न चढलेली गोदावरीबाई दाराशीच उभी राहिली. तिच्याही हातात वाटी होती.

"माह्या शेगडीचं आहे," ती म्हणाली. "फेकवलं नाही मले."

वच्छलानं ती वाटी घेतली आणि आपल्या वाटीशेजारी ठेवली. "आत ये, बस," म्हणाली.

संध्याकाळी दोघींनी ते पाणी विहारामागच्या पिंपळाच्या बुडाशी ओतलं.

सकाळी वच्छलानं पुन्हा शेगडी पेटवली, गंज चढवला. थेंब आलेच. रश्मी दारातून पाहत होती. आईनं पदर डोक्यावर घेतला, घरधनी समोर बसल्यावर घेतात तसा, आणि तांदूळ धुवायला लागली.