तीनपैकी एक फ्यूज

बाबांनी मिलिंग मशीनला हात लावू नये म्हणून थोरलीने सकाळी निघताना तीन फ्यूजपैकी एक काढून पर्समध्ये टाकला. बोर्डाचे झाकण लावून वरून फडका फिरवला, म्हणजे बोटे उमटलेली दिसायला नकोत. ही युक्ती मूळची बाबांचीच. जेवायला जाताना ते असाच एक फ्यूज खिशात घालून जात आणि मागे कुणी बटण दाबलेच, तरी मशीन हलत नसे.

लोखंड तासणारे ते जुने धूड बाबांहून जेमतेम धाकटे होते. बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. मोटारीपासून कटरपर्यंत फेर नेणारा पट्टा आतून चिरला होता, आणि परवा त्याचा एक तुकडा बाबांच्या कानाजवळून सणसणत गेला. बाबा म्हणाले, माशी असेल.

"नवा पट्टा येईपर्यंत मशीन बंद," थोरलीने बजावले होते.

"आल्या इन्स्पेक्टरबाई! अगं, तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय मी हिला."

"आणि करंगळीचं पेर तिलाच देऊन बसलात."

"दिलं नाही, उसनं नेलंय तिनं," असे म्हणत बाबांनी डावा हात खिशात घातला. त्या हाताचा विषय निघाला की तो खिशातच जाई.

जुन्या यंत्रांच्या बाजारात पहिल्या दोन दुकानांनी तिला हसून वाटेला लावले. तिसरे दुकान पुलीवाल्या काकांचे. छताला दातेरी चाके लटकत होती, आणि त्यांच्याखालून वाकून चालावे लागत होते. थोरलीने पट्ट्याच्या मापाची दोरी आणि परवा उडालेला तुकडा पुढे ठेवला. काकांनी तुकडा हुंगला, दुमडला आणि म्हणाले, "हा अजून चालतोय? कमाल आहे."

"चालू नये म्हणूनच आले. आणि ब्रेकच्या दांडीची स्प्रिंगही हवी. ती तुटल्यापासून ब्रेक आपोआप सुटत नाही, हाताने सोडावा लागतो. बाबा निम्म्या वेळा विसरतात."

काकांनी मागच्या भिंतीवरून एक पट्टा उतरवला. कोरा होता, अजून पावडरही निघाली नव्हती. तिने दोरी लावून पाहिली, तंतोतंत. कितीतरी दिवसांनी तिच्या जिवात जीव आला. स्प्रिंगही निघाली, फक्त एक टोक लांब होते.

"घासून देतो," म्हणत काकांनी कोपऱ्यातल्या घासायच्या चाकाचे बटण दाबले. मोटार नुसती गुणगुणली. चाक जागचे हलेना.

"बिघडलंय वाटतं?"

"एक फेज गेलाय, तीन तारांपैकी एकीत वीज नाही. पण म्हातारं घोडं आहे हे, पहिली ढकल द्यावी लागते." काकांनी चाकाचा पट्टा मुठीत धरून हिसका दिला आणि हात झटकन मागे घेतला. चाक घोंघावत सुटले. "बघा! एकदा पळालं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

थोरली हसली. हसू ओठांवर असतानाच तिचा हात पर्सकडे गेला. तिने एकच फ्यूज काढला होता. दोन जागेवर होते. मशीन मेलेले नव्हते, ढकलीची वाट बघत होते. आणि ढकल देणारा माणूस घराखालच्या कारखान्यात एकटा होता, तोही मशीनच्या पट्ट्यावरचे झाकण केव्हाच काढून ठेवलेला.

तिने घरी फोन लावला. आईने उचलला.

"बाबा कुठे आहेत?"

"कुठे असणार? सवतीपाशी. आज रुसलीय म्हणे ती, नुसती हुंकार देतेय."

"आई, त्यांना तिथून बाहेर काढ! आत्ता!"

"माझं ऐकलंय कधी त्यांनी? आणि हाका मारून ऐकू येतंय होय त्यांना? थांब, उतरते पायऱ्या. गुडघे..." फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

पट्टा गळ्यात अडकवून ती धावत सुटली. रिक्षात बसली तरी तिचे पाय आपोआप जोर लावत होते. प्रत्येक सिग्नलला तिला काकांची मूठ दिसे, झटकन मागे आलेली. बाबांचा हात आता झटकन कुठेच येत नसे. चहाचा कपसुद्धा सावकाश उचलला जाई.

फाटकातूनच तिला ती गुणगुण ऐकू आली. आई जिन्याच्या मध्यावर कठडा धरून उभी होती, हाका मारून मारून घसा बसलेला. थोरली तिच्यासमोरून कारखान्यात शिरली.

बाबा तिच्याकडे पाठ करून उभे होते. डावा हात पट्ट्यात, अगदी पुलीच्या तोंडाशी. तापलेल्या मोटारीचा वास सुटला होता. बाबा जोर लावून ओढत होते आणि काही हलत नव्हते. ओरडावे तर ते दचकून वळतील, हात तिथेच राहील. ती भिंतीला धरून मेन स्विचकडे सरकू लागली.

"अरे तिच्या!" बाबा स्वतःशीच हसले. "ब्रेकच सोडला नाही की मी!"

डावा हात होता तिथेच ठेवून त्यांनी उजवा हात दांडीकडे नेला. थोरलीने झेप घेऊन मेन स्विच खाली ओढला.

गुणगुण थांबली.

"कोण आहे? अगं, बंद कशाला केलंस? एक फेज गेलाय नुसता. हात दिला की पळणारच होती."

"आधी हात काढा, बाबा."

आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. बाबांना काय ऐकू आले कोण जाणे, पण त्यांनी हात काढला. तिने पर्समधून फ्यूज काढून तळहातावर धरला. ते बघत राहिले. मग त्यांनी एका बोटाने पुलीला हलकेच टिचकी मारली.

ब्रेक सुटलेला होता; स्विच पडला त्याच क्षणी त्यांनी दांडी ओढली होती. पुली फिरू लागली, आवाज न करता. चिरलेला पट्टा तिच्याबरोबर सरकत होता, आणि दोघेही ती थांबेपर्यंत तिच्याकडे बघत उभे राहिले.